धुरकट गारेचा रंग धुराचा नाही

भाऊ, वावरात सापडलेली तपकिरी गार (क्वार्ट्झचा खडा) जमिनीखालच्या धुरानं काळवंडली असेल, असं तुम्ही वर लिहिलंय. नाव धुरकट स्फटिक असलं तरी धुराचा तिथं काही संबंध नाही.

खडकाच्या भेगांतून सिलिका (सिलिकॉन आणि ऑक्सिजनचं संयुग) विरघळलेलं गरम पाणी वाहतं. ते निवताना सहा बाजूंचा स्फटिक वाढतो, आणि तेव्हा तो बहुधा पांढरा-पारदर्शकच असतो. फक्त काही ठिकाणी सिलिकॉनच्या जागी अॅल्युमिनियमचा अणू बसलेला असतो. पुढं आजूबाजूच्या ग्रॅनाइटमधल्या युरेनियम, थोरियम, पोटॅशियमचा मंद किरणोत्सार लाखो वर्षं त्यावर पडत राहतो. अॅल्युमिनियमशेजारच्या ऑक्सिजनचा एक इलेक्ट्रॉन उडतो, ती रिकामी जागा प्रकाश शोषते, आणि गार चहासारखी दिसते. म्हणजे रंग आधी नाही, मागून येतो. मला यातली हीच गोष्ट सगळ्यात विलक्षण वाटते.

आमच्याकडं गोंदियाच्या बाजूला जुना ग्रॅनाइट आणि नाइस नावाचा पट्टेदार खडक आहे. बुलढाणा-अमरावतीकडं बहुतेक काळा बेसाल्ट, त्यात किरणोत्सारी द्रव्यं फार कमी. माझ्याकडं शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर सापडलेला अंगठ्याएवढा खडा आहे. उन्हात धरला की टोकाकडं गडद, बुडाशी फिकट, आणि बाजूंवर नखाला लागतील अशा आडव्या रेघा. तुमच्या खड्यावर त्या रेघा आहेत का, बघा.

एक विनंती, तो चुलीत टाकून पाहू नका. तीन-चारशे अंशांच्या आसपास तापला की रंग उडतो, आणि एकदम तापला तर तडकतोही.