जुन्या रेल्वे स्थानकाचे जलरंगातील चित्र: इमारतीचे वय कसे उतरवावे?

प्रश्न

नमस्कार. छोट्या गावातल्या एका ऐतिहासिक, विटांच्या रेल्वे स्थानकाचे चित्र मी तीनदा रंगवले, पण तिन्ही वेळा ते नकाशासारखे कोरडे झाले. फलाटावरच्या छताची लाकडी झालर आणि भिंतीतली एकेक वीट मन लावून काढली, तरी इमारतीचे वय चित्रात जाणवत नाही. छताखालची सावली काळपट रंगाने भरली की ती निर्जीव दिसते. काय बदलावे?

प्रतिसाद १

माझ्या मते अडचण त्या एकेक विटेतच आहे. भिंतीवर आधी स्वच्छ पाण्याचा हात फिरवून, कागद ओला असतानाच रॉ सिएना (पिवळसर मातकट) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) हे रंग एकमेकांत वाहू द्या आणि वरच्या भागात थोडा अल्ट्रामरीन (गडद निळा) सोडा. त्याचे कण कागदाच्या खळग्यांत बसून दाणेदार पोत तयार होतो आणि जुन्या भिंतीचा खडबडीतपणा आपोआप येतो. यासाठी ३०० जीएसएमचा (दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, म्हणजे जाड), खरबरीत पृष्ठभागाचा सुती कागद असावा. सगळे पूर्ण वाळल्यावर, छताच्या सावलीची कड जिथे भिंतीवर पडते, फक्त तिथेच दहा-बारा विटा दाखवा.

सावलीसाठी काळा रंग अजिबात नको. बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीन यांच्या मिश्रणातून जिवंत करडा मिळतो. उन्हातल्या फलाटावरून परतणारा उजेड छताच्या खालच्या बाजूला पोचतो, म्हणून तिथे मिश्रण सिएनाकडे झुकते ठेवा. सावली एकाच हातात घाला; पुन्हा ब्रश फिरवलात की रंग गढूळ होतो.

प्रतिसाद २

वरील मताशी सहमत आहे. झालरीबाबत एवढेच सुचवतो की ती रंगवू नका. तिच्यामागचा अंधार रंगवा आणि कातरकामाच्या जागी कागदाचा पांढरा राखा.

आणखी एक विचारतो: त्या मार्गावर गाड्या अजून धावतात का? वाहत्या मार्गावरच्या रुळाचा माथा चाकांच्या घर्षणाने लखलखीत राहतो आणि बाजू तेवढ्या गंजलेल्या असतात. वाहतूक थांबली की माथाही गंजतो आणि स्लीपरांमध्ये (रुळांखालच्या आडव्या पट्ट्यांमध्ये) गवत शिरते. स्थानकाचे वय भिंतीइतकेच या एका रेषेतूनही कळते.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. तिथे गाड्या बंद होऊन बरीच वर्षे झाली आहेत, आणि मी तिन्ही चित्रांत रूळ चमकते ठेवले आहेत. चौथ्या चित्राची सुरुवात तिथूनच करतो.