पिंजऱ्यात कोण टिकतं : पैलवान, किकबॉक्सर की कराटेवाला?

दुहेरी_पट

आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकानं ठोकून दिलं : "पैलवान मातीतच वाघ. एमएमएच्या (सगळ्या विद्या चालणाऱ्या मिश्र लढतीच्या) पिंजऱ्यात किकबॉक्सर त्याला दोन मिनिटांत झोपवेल." तिथं वाद अर्धवट राहिला, म्हणून इथं मांडतो. माझं मत नेमकं उलट आहे. ठोसा, लाथ, पकड, गळा आवळणं असं सगळं चालणाऱ्या लढतीत एकच विद्या घेऊन उतरायची वेळ आली, तर कुस्ती घ्यावी.

लढत उभ्यानं व्हायची की जमिनीवर, हे पैलवान ठरवतो. ठोशातला जोर पायातून आणि कमरेतून येतो. बॉक्सर पाठीवर पडला की तो जोर आणणार कुठून? ऑगस्ट 2010 मध्ये बोस्टनला जेम्स टोनी यूएफसीत, म्हणजे एमएमएच्या बड्या अमेरिकन स्पर्धेत, उतरला. तीन वजनगटांत जगज्जेता झालेला बॉक्सर. समोर रँडी कुटूर, ग्रीको-रोमन कुस्तीतला, वय 47. कुटूरनं घंटा होताच पाय धरून त्याला खाली घेतलं आणि पहिल्याच फेरीत गळा आवळून विषय संपवला.

आता कुणीतरी 1993 काढणारच. डेन्व्हरला पहिली यूएफसी झाली, ऐंशी किलोच्या आसपासचा रॉयस ग्रेसी जिऊ-जित्सूच्या (जमिनीवर पकडून गळा आवळायच्या, सांधे मुरडायच्या विद्येच्या) जोरावर जिंकला, मान्य. पण लोकांना ती विद्या कळल्यावर पुढच्या दोन-तीन वर्षांत स्पर्धा कुणी मारल्या? डॅन सेव्हर्न, डॉन फ्राय, मार्क कोलमन. तिघंही कुस्तीतले. कुस्तीच्याच जोरावर लढणाऱ्या यूएफसी विजेत्या खबीबचं 29-0 (29 विजय, हार एकही नाही) तर पोराटोरांनाही पाठ आहे.

लाल_कोपरा

कोलमनची गोष्ट अर्ध्यात का सोडलीत? जुलै 1997. कोलमन तोवर अजिंक्य, समोर मॉरिस स्मिथ, निव्वळ किकबॉक्सर म्हणून ओळखला जाणारा. कोलमननं त्याला पाडलं, वर बसून ठोकलं, आणि दमला. मग स्मिथ उठला आणि मांडीवर लाथा घालत राहिला. निकाल पंचांनी स्मिथला दिला. पैलवानाचा दम एका विशिष्ट कामासाठी घडलेला असतो; ते काम लांबलं की छाती भात्यासारखी चालते.

आणि मांडीवरच्या लाथेला तुम्ही लोक किंमतच देत नाही. 1988 ला लास वेगासमध्ये रिक रूफस या अमेरिकन किकबॉक्सरनं थायलंडच्या चांगप्वेकला पहिल्याच फेरीत लोळवलं, त्याचा जबडा मोडला. तरी पुढं त्या थायनं फक्त पायावर लाथा मारून रूफसला उभं राहता येईना असं केलं. जबडा मोडलेला माणूस जिंकला, ज्याचा पाय गेला तो हरला. पायच राहिला नाही तर पट काढणार (समोरच्याचे पाय धरून त्याला पाडणार) कशावर?

माझा मुद्दा एवढाच की पट काढायला वर्षं लागतात, पण पट अडवायला त्याहून कमी वेळात शिकता येतं. हॉली होमनं 2015 मध्ये तेच केलं. राउंडा राउझी ज्युदोतली ऑलिंपिक पदकविजेती. होमनं तिला जवळ येऊ दिलं नाही, आणि दुसऱ्या फेरीत डोक्यात लाथ.

दुहेरी_पट

स्मिथ जमिनीवर तगला कारण तो पकडीच्या लोकांकडून शिकून आला होता. होमनंही धरपकड सोडवायचा सराव केला होता. म्हणजे किकबॉक्सरला टिकायला आधी आमच्याकडं यावं लागतं. हा तुमच्या बाजूचा पुरावा कसा?

नियमावली

दोघंही एक गोष्ट गृहीत धरून चाललाय, की "फुल कॉन्टॅक्ट" नावाचा एकच खेळ आहे. तसं नाही. नियम बदला, विजेता बदलतो.

वर रॉयस ग्रेसीचं नाव आलं, त्याचीच लढत घेतो. डिसेंबर 1994, समोर हाच डॅन सेव्हर्न, वजन 110 किलोच्या पुढं. जवळजवळ सगळा वेळ सेव्हर्न वर, ग्रेसी खाली. पंधरा मिनिटं उलटून गेल्यावर ग्रेसीनं पायांच्या कात्रीत त्याची मान अडकवली आणि सेव्हर्ननं हार मानली. आज तीच लढत पाच-पाच मिनिटांच्या तीन फेऱ्यांत झाली असती तर? पंधराव्या मिनिटाला घंटा वाजली असती आणि गुणांवर सेव्हर्न जिंकला असता. मग आपण जिऊ-जित्सूबद्दल काय बोललो असतो?

उलटंही होतं. मे 2000 मध्ये टोकियोत ग्रेसी घराण्यानं स्वतःला हवे तसे नियम मागून घेतले : पंधरा मिनिटांच्या फेऱ्या, कितीही. साकुराबा हा जपानी कुस्तीगीर त्याच नियमांत रॉयसशी लढला आणि नव्वद मिनिटांनंतर ग्रेसीच्या कोपऱ्यातल्या साथीदारांनी टॉवेल फेकून हार मानली.

क्योकुशिन कराटेत उघड्या हातानं छातीवर वाट्टेल तितके ठोसे, पण तोंडावर नाही. परिणामी अनेकांचे हात खालीच राहतात. प्राइड या जपानी एमएमए स्पर्धेत पडलेल्याच्या डोक्यात लाथ चालायची, आजच्या एमएमएच्या एकत्रित नियमांत नाही. म्हणून आज गुडघ्यावर बसून श्वास घेता येतो. पिंजऱ्याची जाळीसुद्धा पैलवानाच्या फायद्याची. समोरच्याला तिच्यावर दाबून पाय गोळा करता येतात. दोरीच्या रिंगणात दोघंही दोरीतून बाहेर लोंबकळतात आणि पंच लढत थांबवून मध्ये आणतो.

बॉक्सर मुहम्मद अली विरुद्ध जपानी कुस्तीगीर इनोकी, 1976, टोकियो हे टोकाचं उदाहरण. इनोकी पाठीवर पडून अलीच्या पायांवर लाथा मारत राहिला, पंधरा फेऱ्या, निकाल बरोबरी. प्रेक्षक वैतागले. अलीला मात्र पायाच्या दुखण्यासाठी दवाखाना गाठावा लागला. यातून बॉक्सिंग श्रेष्ठ की कुस्ती, काय सिद्ध झालं?

मातीतला

नियमांचं बरोबर हाय. पण मूळ धाग्यातल्या भाऊंना विचारतो, कुस्ती म्हणजे कुठली कुस्ती? कुटूर, कोलमन हे मॅटवरचे अमेरिकन. आपली मातीतली वेगळी.

मी कोल्हापूरकडचा, तालमीत वाढलोय. आपल्याकडं पाठ टेकली की चितपट, खेळ खलास. त्यामुळं अडचणीत आलेला पैलवान काय करतो? पालथा पडतो, माती धरून राहतो. वरचा घिस्सा मारू दे, भारंदाज लावू दे, कुठलाही डाव टाकू दे, पोट काय सोडायचं नाही. हे अंगात इतकं मुरलेलं असतं की विचार करावा लागत नाही. पिंजऱ्यात नेमकं हेच केलं की समोरचा पाठीवर सवारी कसतो, म्हणजे पायांनी विळखा घालतो, आणि मागनं गळा आवळतो. आपण पाठ वाचवायला जातो आणि तिथं पाठ दिली म्हणून मरतो. पाठीवर पडून पायांनी लढायचं हे तर आपल्या पोराला पटतच नाही, त्याला ती हारच वाटते.

दुसरं, पट काढताना मान पुढं जाते. कुस्तीत गळा आवळायला बंदी, म्हणून मानेची काळजी कोण करतंय? महाराष्ट्राचा भरत खंडारे कुस्तीतूनच आलेला. 2017 ला शांघायला यूएफसीत उतरला आणि पहिल्या फेरीत गळा आवळूनच हरला. पोरगा जिगरीचा, त्यात वाद नाही.

सवय मोडता येते हे पण खरं. खाशाबा 1948 ला लंडनला सहावे आले तेव्हा मॅटचा सराव कुठं होता? चार वर्षांत हेलसिंकीला कांस्य. पण तेवढी वर्षं आणि तेवढा माणूस पायजे.

काता_कुंडली

कराटेवाल्यांची टिंगल होणार हे गृहीत धरून लिहितोय.

लिओटो माचिदा शोतोकान या कराटे पंथाचा. घरातच बापाकडून शिकला. 2009 मध्ये यूएफसीचा लाइट हेवीवेट विजेता झाला, आणि 2011 मध्ये टोरोंटोत कुटूरला (हो, वरच्याच कुटूरला) उडी मारून समोरच्या लाथेनं झोपवलं. त्याचं कौशल्य अंतर राखण्यात होतं. दुहेरी पटाला हातभर जवळ यावं लागतं; तो तेवढं येऊच देत नव्हता.

आणि जॉर्ज सेंट-पिएर? लहानपण क्योकुशिनमध्ये गेलं. शाळा-कॉलेजात कुस्ती खेळलाच नाही. तरी 2007 मध्ये त्यानं जॉश कॉशचेकला, म्हणजे अमेरिकन विद्यापीठांच्या कुस्तीतल्या विजेत्याला, कुस्तीतच भारी पडून दाखवलं. लहानपणापासून तालीम लागते म्हणणाऱ्यांनी याचं काय करायचं?

फरक विद्येत कमी आणि सरावात जास्त आहे. रोज खऱ्या जोरानं विरोध करणारा जोडीदार असेल तर कराटेही चालतं. नसेल तर 2017 मध्ये चीनमध्ये झालं ते होतं : ताई-चीच्या एका गुरूला शू शियाओदोंग या एमएमएवाल्यानं काही सेकंदांत आडवं केलं.

दुहेरी_पट

सेंट-पिएर जिंकला कशानं? पटानंच ना. कराटेवाला विजेता झाला तो पैलवान होऊन. धन्यवाद, माझं काम हलकं केलंत.

मातीतला यांचा मुद्दा वजनदार आहे. पण त्यातून कुस्ती कमी पडते असं निघत नाही, कुस्तीवर काय चढवायचं ते कळतं. अर्जन भुल्लर 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुलमध्ये कॅनडासाठी कुस्तीत सुवर्ण जिंकला आणि 2021 मध्ये वन चॅम्पियनशिप या आशियातल्या एमएमए स्पर्धेचा हेवीवेट विजेता झाला.

लाल_कोपरा

आणि यूएफसीत जिंकलेली पहिली भारतीय महिला, पूजा तोमर, 2024, वूशू या चिनी युद्धकलेतून आलेली. लाथाही, फेकीही. भारताचं म्हणाल तर माझा पैसा त्या बाजूला.

सांगलीची_आई

वाद छान चाललाय, पण मला व्यवहाराचं सांगा. मुलगा बारा वर्षांचा, हे सगळं मोबाइलवर बघून वेडा झालाय. कुठं घालू?

लाल_कोपरा

ताई, ज्युदो. पडायला शिकेल, पाडायलाही. डोक्यात मार खायचे खेळ या वयात नकोत, आणि हे मी स्वतः किकबॉक्सिंगचा माणूस असून सांगतोय.

मातीतला

ताई, सांगलीत राहून पोराला ज्युदोला घालणार? गावात तालीम असेल तिथं पाठवा. वस्तादांना फक्त एक विचारून घ्या, मॅट आहे का. आणि वजन उतरवायला पाणी तोडायला लावत असतील तर दुसरी तालीम बघा.

दुहेरी_पट

याला माझा पाठिंबा. लाथा अठराव्या वर्षीही शिकता येतील.

काता_कुंडली

अठराव्या वर्षी शिकलेली लाथ कशी दिसते ते आम्ही बघितलंय. अंतराचा अंदाज लहानपणीच बसतो, माचिदा त्याशिवाय घडला नसता. आठवड्यातून दोन दिवस तरी उभ्याचा सराव हवा, डोक्याला न लागणारा.