17 छापखान्यांचे 5, आणि ‘कपात नाही’ म्हणजे काय?

गोदाकाठ: 20 सप्टेंबर 2017 ला केंद्रीय मंत्रिमंडळाने भारत सरकारच्या 17 मुद्रणालयांचं विलीनीकरण करून 5 ठेवायचं ठरवलं. दिल्लीत तीन, कोलकात्यात एक आणि आपलं नाशिकचं. (नोटा छापतात ते नाशिकरोडचं वेगळं, गल्लत नको.) एकाही कामगाराची कपात होणार नाही, असं तेव्हा जाहीर झालं. मला हे फसवं वाटतं. कोईम्बतूरचा छापखाना नाशिकात विलीन म्हणजे तिथल्या पन्नाशीच्या बाइंडरने (पुस्तकबांधणी करणाऱ्याने) घरदार सोडून हजारावर किलोमीटर यायचं. आणि तो निवृत्त झाला की जागाही त्याच्याबरोबर गेली. पुढच्या पोराला मिळाली असती ती नोकरी कुठल्याच कपातीत मोजली जात नाही.

मशीनमन: दादा, कामच उरलं नाही त्याचं काय? 1 ऑक्टोबर 2015 पासून केंद्राचं राजपत्र छापणं बंद, फक्त ऑनलाइन. रिकाम्या मशीनपुढे माणसं बसवून ठेवणं मला पटत नाही. मी 26 वर्षं खासगी छापखान्यात ऑफसेट छपाईच्या मशीनवर आहे. आमच्याकडे प्लेट (जिच्यावरून छापतात तो पत्रा) थेट कॉम्प्युटरवरून निघू लागली तेव्हा त्याआधी प्लेटसाठी फिल्म काढणारी आणि ती जुळवून चिकटवणारी पोरं एका दिवसात घरी बसली. आदल्या संध्याकाळी सांगितलं, हातात फक्त चालू महिन्याचा पगार. सरकारी माणसाचा पगार तरी सुरू राहिला.

गोदाकाठ: त्या पोरांवर अन्याय झाला, म्हणून बाकीच्यांनी गप्प बसायचं?

जुळाऱ्याची लेक: माझे बाबा छापखान्यात खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरं, जुळवायचे. उलट्या खिळ्यांची ओळ सरळ मजकुरासारखी वाचायचे. डीटीपी, म्हणजे संगणकावरची अक्षरजुळणी, आलं तेव्हा ते 46 वर्षांचे होते. मालकांनी तीन महिने पगार चालू ठेवून त्यांना संगणकावर बसवलं. टायपिंगचा वेग काही जमला नाही, पण ऱ्हस्व-दीर्घ त्यांच्याइतकं कुणाला येत नव्हतं, म्हणून मुद्रितशोधनाला घेतलं. तिथेच निवृत्त झाले. मशीन बदललं तरी माणूस ठेवता येतो, हे मी घरात पाहिलंय.

मशीनमन: ताई, असा मालक मला भेटला नाही. काम आजही आहे, खोक्यांचं, लेबलांचं. पण तिथे डाय-कटिंग (साच्याने खोकी कापणं) आणि फ्लेक्सो (लवचिक प्लेटने छपाई) येणारा माणूस लागतो. ते शिकायला सहा महिने लागतात. तेवढे दिवस त्याचं घर कुणी चालवायचं?

गोदाकाठ: सरकारी छापखान्यांपुरतं तरी उत्तर आहे. त्याच निर्णयात ठेवलेल्या पाच छापखान्यांच्या जादा जमिनीतून पैसा उभा करायचं ठरलं. त्यातून द्या.