‘अँटिसिपेशन’ : अपेक्षा, प्रतीक्षा की धरून चालणे?

शेजारच्या दहावीतल्या मुलीने गेल्या आठवड्यात ‘अँटिसिपेशन’ या शब्दाचा अर्थ विचारला. तिच्या शब्दकोशात ‘अपेक्षा’, ‘पूर्वानुमान’ आणि ‘प्रतीक्षा’ असे तीन शब्द ओळीने दिले होते, आणि ‘काका, यातला नेमका कोणता लिहू?’ हा तिचा प्रश्न रास्तच होता, कारण हे तिन्ही शब्द एकमेकांच्या जागी चालत नाहीत. अपेक्षा जावयाकडून असते, पूर्वानुमान हवामान खात्याचे असते आणि प्रतीक्षा फाट्यावर उभे राहून एसटीची करावी लागते.

मूळ लॅटिन शब्दात ‘आन्ते’ म्हणजे आधी आणि ‘कापेरे’ म्हणजे घेणे, पकडणे. म्हणजे जे अजून यायचे आहे ते वेळेआधीच हाती घेणे. आपल्याकडे ‘अपेक्षा’ आणि ‘प्रतीक्षा’ हे दोन्ही शब्द पाहणे या अर्थाच्या ‘ईक्ष्’ धातूपासून आले आहेत, ‘वाट पाहणे’ यातही डोळेच आहेत आणि ‘उत्कंठा’ म्हणताना तर मान उंचावलेली असते. शब्दकोशातले प्रतिशब्द अपुरे वाटतात ते याचमुळे, की त्यांत माणूस फक्त पाहत असतो, त्याचा हात कुठे हललेला नसतो. इंग्रजीतही ‘अँटिसिपेट’ हे क्रियापद सोळाव्या शतकात आले ते हाताच्या अर्थाने, आणि ‘असे होईल असे वाटते’ एवढाच सौम्य अर्थ त्याला पुढे अठराव्या शतकात चिकटला. काटेकोर लिहिणारे इंग्रज अजूनही त्या वापरावर नाक मुरडतात आणि मला त्यांचे पटते, पण परीक्षेत ‘अपेक्षा’ लिहिले तरी गुण मिळतील, हेही मी तिला सांगून टाकले.

हाताचा अर्थ पाहायला लांब जावे लागत नाही. रोहिणी नक्षत्र सरत आले, मृग तोंडावर आला, की आमच्या भागात काही जण धूळपेरणी करतात. जमीन तापलेली, ढेकळे कोरडी, आणि बाया सरीच्या कडेने वाकून एकेका जागी सरकीचे दोन-दोन दाणे टोबत जातात. विदर्भात मोसमी पाऊस साधारण जूनच्या मध्यावर येतो, म्हणजे बी आठवडाभर धुळीत पडून राहणार, हे सगळ्यांना ठाऊक असते. पाऊस वेळेवर आला तर उगवण लवकर होते आणि पिकाला पुढचे दिवस मिळतात. तो लांबला, किंवा एक हलकी सर येऊन बी फुगले आणि मग उघाड पडली, तर दुबार पेरणी कपाळी येते. अशाच एका धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, मी ‘पाण्याची वाट पाहताय का?’ असे विचारले, तेव्हा म्हातारबुवा म्हणाले, ‘वाट कोन पाह्यते? पाणी येईन असं धरलं, अन् घेतलं आंगावर.’

धरणे आणि घेणे, ही दोन्ही क्रियापदे त्यांनी एका वाक्यात वापरली. ‘पाऊस येईल असे धरून पेरले’ या वाक्यात इंग्रजी शब्दाचा गाभा जसाच्या तसा उतरतो, आणि ‘गृहीत धरणे’ यात तर तो दुप्पट आहे, कारण ‘गृहीत’ म्हणजेही घेतलेले. तेव्हा नुसते वाटत असेल तिथे ‘अपेक्षा’ किंवा ‘अंदाज’ म्हणावे आणि त्या वाटण्यावर काही कृती करून बसलो असू तिथे ‘धरून चालणे’ म्हणावे, असा माझा पक्ष आहे. समोरच्याची चाल ओळखून आपण आधी हालचाल केली, तर मात्र ‘ताडणे’ किंवा ‘हेरणे’ अधिक नेमके. कबड्डीत बोनस घ्यायला आलेल्या चढाईपटूचा पाय रेषेकडे वळण्याआधीच कोपऱ्यातला गडी झेपावतो, तेव्हा त्याने ती चाल ताडलेली असते.

इंग्रजीत मिळकतीलाही हे क्रियापद लावण्याची जुनी रीत आहे. तिचा अर्थ, उत्पन्न हाती येण्याआधीच ते खर्चून टाकणे. कापूस बोंडात असतानाच त्यावर व्यापाऱ्याकडून पैसे आणण्याला आम्ही ‘उचल’ म्हणतो, आणि उचलणे हीसुद्धा हाताचीच क्रिया. ‘बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी’ ही म्हण त्याच वृत्तीची थट्टा करते. कायद्यातल्या ‘अँटिसिपेटरी बेल’ला मराठीने ‘अटकपूर्व जामीन’ हा सुटसुटीत शब्द दिला, त्यात ‘आधी’ तेवढे उरले, पण काम अडत नाही.

भावनेचा अर्थ वेगळा ठेवावा लागतो. तान्ह्या पोळ्याच्या, म्हणजे मुलांच्या लाकडी बैलांच्या सणाच्या, आदल्या रात्री रंगवलेला लाकडी नंदी उशाशी घेऊन निजलेल्या आणि दर तासाला ‘उजाडलं का?’ विचारणाऱ्या पोराच्या मनात जे असते त्याला आतुरताच म्हणावे. तिथे ‘पूर्वानुमान’ लिहिणे हास्यास्पद होईल.

मुलीचा शेवटचा प्रश्न मात्र अवघड होता. इंग्रजी अर्जाच्या शेवटी ‘थँकिंग यू इन अँटिसिपेशन’ लिहितात, त्याचे काय करायचे? काम झालेच असे धरून आभाराची उचल देऊन टाकण्याची ही पद्धत मराठी अर्जात नाही. आपण ‘योग्य तो विचार व्हावा, ही विनंती’ एवढे लिहून थांबतो. तिलाही दाखल्याच्या अर्जात तसेच लिहायला सांगितले. आभार दाखला हातात पडल्यावर मानता येतील.