कढीपत्त्याला औषध मारू नका

ए-१०१: गेटजवळच्या कढीपत्त्याची पानं कोण खातंय? शेंड्याला नुसत्या काड्या उरल्यात. उद्या माळीदादा येतायत, औषध मारून घेऊ का? फोटो टाकलाय.

सी-२०४: काकू, पानावर पक्ष्याची शीट दिसतेय फक्त. अळी कुठंय?

बी-३०२: तीच अळी आहे! काळपट तपकिरी, मधे पांढरा डाग. पक्ष्यांनी खाऊ नये म्हणून हे सोंग. चार वेळा कात टाकली की एकदम हिरवीगार होते. काकू, काडी डोक्याजवळ हळूच टेकवून बघा.

ए-१०१: बाई गं! डोक्यामागून दोन नारिंगी शिंगं बाहेर आली. वास केवढा उग्र!

बी-३०२: घाबरू नका, मऊ असतात, टोचत नाहीत. आता आत घेईल. ही खूण पटली म्हणजे नक्की फुलपाखराची अळी. कढीपत्ता, लिंबू, बेल हेच यांचं खाणं. आपलं राज्य फुलपाखरू राणी पाकोळी (२०१५ साली जाहीर झालं), तिच्या अळ्याही लिंबाच्या कुळातल्या झाडांवरच वाढतात. कृपा करून फवारणी नको. निंबोळी तेलसुद्धा नको, त्यानेही मरतात.

सी-२०४: पण झाड जाईल ना?

बी-३०२: एवढ्या मोठ्या झाडाला काही होत नाही, पुन्हा फुटतं. कुंडीतलं रोप असेल तर एखादीच ठेवा, बाकीच्या पानासकट उचलून गेटजवळच्या झाडावर सोडा. आणि त्याच झाडाची पानं आपण सगळे फोडणीला नेतो, हेही बघा.

डी-५०३: आमच्या बाजूच्या शेवग्याच्या खोडावर केसाळ अळ्यांचा थर बसलाय. त्याही ठेवायच्या?

बी-३०२: नाही नाही, ते सुरवंट! हात लावू नका, केस टोचले की प्रचंड खाज येते. मुलांना आज तिकडे खेळू देऊ नका. दिवसा घोळक्याने खोडावर बसतात तेव्हाच लांब दांड्याच्या झाडूने साबणाच्या पाण्यात पाडायचे. संध्याकाळी मी येतो, दोघं मिळून करू.

ए-४०२: लिलीवर काळ्या आहेत, पांढरे-लाल ठिपके.

बी-३०२: त्या पतंगाच्या. पानं संपवून कांद्यापर्यंत पोचतात. आजच वेचा, ताई.

ए-१०१: कढीपत्त्याला लाल दोरी बांधून आले. माळीदादांनाही फोन केलाय, ते झाड सोडून बाकीचं करतील. खालच्या फांदीवर अजून तीन सापडल्या, एक हिरवी झालीय.