मदत हवी आहे: मोडाच्या नाचणीने पेज पातळ होईना

नमस्कार मंडळी. ठाण्यात नौपाड्याला राहते. लेक आठवीत आहे. विज्ञान प्रदर्शनासाठी एक प्रयोग चाललाय आणि आम्ही दोघी अडकलोय.

तांदळाची घट्ट पेज दोन वाट्यांत घ्यायची. एकीत मोड आणून वाळवलेल्या नाचणीचं पीठ चमचाभर घालायचं. मे महिन्यात केला तेव्हा मजा आली. चमचा उभा राहील अशी पेज बघता बघता ताकासारखी झाली. आयोडीनचा थेंब टाकला तर साध्या वाटीत काळानिळा रंग, दुसरीत तांबूस.

काल पुन्हा केला, तर पेज ढिम्म! दुकान तेच, मोडही छान आले होते, पेज बोटाला सोसेल इतकी निववूनच पीठ घातलं. सासूबाई म्हणतात पावसाळ्यातलं पाणी बाधलं. मला पटत नाही.

शिवाय परीक्षक हमखास विचारणार, मोडातलं जे एन्झाइम (रासायनिक क्रिया घडवून आणणारा पदार्थ) पेजेतला स्टार्च तोडून साखर करतं, तेच ती साखर परत जोडेल का? काय सांगायचं?

प्रतिसाद १
ताई, नाचणी वाळवलीत कशी?

धागाकर्ती
मे महिन्यात गच्चीवर कडक उन्हात. आता ऊन कुठलं, चार दिवस धो धो कोसळतोय. म्हणून ओले मोड कढईत खमंग भाजून घेतले.

प्रतिसाद १
मग चोर कढईतच सापडला. पेज पातळ करतं ते मोडातलं अमायलेज नावाचं एन्झाइम, आणि ते आहे प्रथिन. अंडं उकडल्यावर परत पातळ होत नाही, तसंच हे. ओलं असताना तापलं की त्याची घडी विस्कटते, काम संपतं. मोड पंख्याखाली वाळवा. भाजलेलं पीठ मात्र टाकू नका, तिसरी वाटी म्हणून मांडा. खरं तर तीच वाटी प्रयोगाचा जीव आहे.

प्रतिसाद २
जोडण्याचं सांगतो. स्टार्च म्हणजे ग्लुकोजची माळ. अमायलेज पाण्याचा रेणू खर्चून तिचे दुवे तोडतं. पेजेत सगळीकडे पाणीच, त्यामुळे गाडी उलटी जात नाही. जोडकामाला वेगळी एन्झाइम्स लागतात आणि त्यांना नुसतं ग्लुकोज चालत नाही. वनस्पती त्याला आधी एडीपी नावाच्या छोट्या रेणूची मूठ बसवते, आपलं शरीर ग्लायकोजेन (शरीरातला ग्लुकोजचा साठा) बांधताना यूडीपी या तशाच रेणूची. एन्झाइम मूठ सोडवून ग्लुकोज माळेच्या टोकाला अडकवतं. अशा मूठवाल्या साखरा शोधल्याबद्दल अर्जेंटिनाच्या लुईस लेलॉयर यांना १९७० चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

जमलं तर शेजारी कापसाचा बोळा ठेवा. तोही ग्लुकोजच्याच माळांचा, पण दुवा वेगळ्या वळणाचा, म्हणून अमायलेज त्याच्या वाटेला जात नाही. परीक्षक खूश होतील.

धागाकर्ती
दोघांनाही धन्यवाद! कढईचं डोक्यातच आलं नव्हतं. हॉलभर धोतर अंथरून मोड पसरलेत, पंखा पाचवर आहे. सासूबाई भिंतीला धरून चालतायत. रविवारी कळवते.