मदत हवी आहे: परीक्षेला न बसलेल्या मुलांचा शाळेच्या ग्रोथ स्कोअरवर (मुलांची वर्षागणिक प्रगती दाखवणारा आकडा) परिणाम होतो का?

अमेरिकेतल्या पब्लिक स्कूलचं रिपोर्ट कार्ड कसं तयार होतं हे माहीत असलेल्यांनी कृपया सांगा. आमच्या शाळेत मुलांना राज्याच्या परीक्षेला न बसवणारे पालक वाढलेत. २०१५ च्या एस्सा (Every Student Succeeds Act) या केंद्रीय शिक्षण कायद्याप्रमाणे तिसरी ते आठवी दरवर्षी वाचन आणि गणिताची परीक्षा असते, आणि निकाल काढताना भाजक किमान ९५ टक्के मुलांचा धरतात. म्हणजे १०० पैकी ८८ बसली, ६० प्रोफिशियंट (राज्याने ठरवलेल्या पातळीला पोचलेली) ठरली, तर निकाल ६८ नाही, ६३ टक्के! शिक्षक इतकं जीव तोडून शिकवतात आणि कागदावर हे असं दिसतं, फार वाईट वाटतं.

शाळा टायटल वनमधली (गरीब घरची मुलं जास्त म्हणून केंद्राचा निधी मिळणारी) आहे, आणि अशा शाळांपैकी तळाच्या ५ टक्के शाळांना राज्य सुधारणेच्या यादीत टाकतं, त्यामुळे त्यात जायची धास्ती आहेच. राज्याचा आराखडा वाचला, पण त्यात ग्रोथबद्दल मोघम लिहिलंय. डिस्ट्रिक्ट ऑफिसने वेबसाइट बघा म्हणून सांगितलं. पालकांवर दबाव आणायचा नाही, तो त्यांचा निर्णय.

तर ग्रोथ स्कोअर काढताना न बसलेली मुलं नुसती वगळतात, की तिथेही फटका बसतो? तुमच्या राज्यात हा नियम नेमका कुठल्या कागदात सापडला?